दोनदा लिहायचं आणि सही करायची

वेबसाइटवर दुकानाची वेळ थोरल्या भावोजींच्या मिशीवरून जात होती. ‘सोमवार ते शनिवार, सकाळी दहा ते संध्याकाळी सात’ ही ओळ असायला हवी होती फोटोच्या खाली. पण ती फोटोवर चढून बसली होती आणि नेमकी भावोजींच्या नाकाखालून या गालापासून त्या गालापर्यंत पसरली होती. लांबून पाहिलं की वाटायचं, भावोजींनी मिशीला काहीतरी लावलंय. जवळून पाहिलं की वाटायचं, भावोजी स्वतःच सातला बंद होतात.

सहा महिने हे असं चाललं होतं आणि कुणाचं काही अडलं नव्हतं. घड्याळ बिघडलेला माणूस मिशा बघायला येत नाही, तो घड्याळ घेऊन येतो. पण त्या दिवशी सकाळी साडेदहाला फोन वाजला. चौकातल्या मनोऱ्यावरचं घड्याळ चार वर्षं बंद होतं, ते दुरुस्त करून घेण्यासाठी नेमलेल्या समितीच्या बाई बोलत होत्या.

अण्णांनी फोन ठेवला आणि काउंटरला दोन्ही हातांनी धरलं.

"आज दोन वाजता समिती बसतेय. तीन दुकानं काढलीत, त्यात आपण. तिघांच्या वेबसाइटी भिंतीवर लावून बघणार आणि ठरवणार."

"भिंतीवर म्हणजे?" सासूबाईंनी विचारलं.

"मोठ्या पडद्यावर. भिंतीएवढ्या."

सगळ्यांनी मनातल्या मनात भावोजींची मिशी भिंतीएवढी करून पाहिली.

"धाकटे!" अण्णा ओरडले. खरं तर ती दोन हातांवर, काउंटरमागच्या स्टुलावर बसली होती.

धाकटी म्हणजे या घरची धाकटी सून. लग्नाला आठ महिने झाले होते. त्याआधी दोन वर्षं ती घड्याळदुरुस्ती शिकली होती आणि वर्गात पहिली आली होती. केसाएवढी स्प्रिंग ती श्वास न रोखता बसवायची. घड्याळजींच्या घरात सून म्हणून जायचंय म्हटल्यावर तिला वाटलं होतं, घोडं गंगेत न्हालं. पण दुकानात टेबलं होती तीन. अण्णांचं ट्यूबलाइटखाली, नवऱ्याचं खांबामागे, आणि खिडकीजवळचं, जिथे दिवसभर उजेड सरळ टेबलावर उतरतो, ते थोरल्या भावोजींचं. धाकटीच्या वाट्याला आला काउंटरवरचा कॉम्प्युटर. "तू तरुण आहेस, तुला कळतं त्यातलं," असं तिला सांगण्यात आलं. तिने आठ महिने टेबल मागितलं होतं आणि अण्णांनी आठ महिने "बघू" म्हटलं होतं.

"ती ओळ खाली घे," अण्णा म्हणाले. "दोनच्या आत."

"घेते. पण मग मला टेबल हवं."

"कुठलं?"

"खिडकीजवळचं."

दुकानात शांतता पसरली. घड्याळांच्या दुकानात शांतता पसरली की साठ घड्याळं ऐकू येतात.

"आणि मी काय गच्चीवर बसू?" भावोजी डोळ्याला भिंग तसंच ठेवून म्हणाले.

पण अण्णांच्या डोळ्यांपुढे मनोरा उभा होता. मनोऱ्याच्या घड्याळापुढे त्यांना थोरला मुलगा मनगटी घड्याळाएवढा दिसत होता. "साइट दोनच्या आत सरळ झाली तर टेबल तुझं," ते म्हणाले. "शब्द."

"अण्णा, मी अजून इथे बसलोय. उठलेलो नाही."

"उठशील."

"उठलो तर ना!" असं म्हणून भावोजींनी खुर्ची पुढे ओढली आणि टेबलाच्या कडेला पोट असं टेकवलं, की आता क्रेन आणावी लागेल.

आता त्या साइटविषयी. सहा वर्षांपूर्वी अण्णांच्या एका मित्राने ती उभी करून दिली आणि तो दुसऱ्या गावी निघून गेला. जाताना त्याने सांगितलं, की मजकूर बदलायचा असेल तर इथे लिहा, फोटो बदलायचा असेल तर तिथे टाका, आणि अमुक गोष्ट मोठी, तमुक गोष्ट लाल, असं रूप बदलायचं असेल तर हा एक डबा आहे, त्यात हुकूम लिहा. डब्यावर नाव होतं ‘जादा स्टाइल’. हुकूम कसा लिहायचा तेही त्याने शिकवलं: आधी कुणाला सांगायचंय त्याचं नाव, मग महिरपी कंसात काय करायचं ते. फोन नंबर, महिरप, मोठा हो, महिरप बंद. शेवटी ‘सेव्ह’.

मित्राला ठाऊक नव्हतं, की तो हे हुकूम द्यायची आवड असलेल्या घरात सांगतोय.

पासवर्ड काउंटरच्या काचेखाली सगळ्यांना दिसेल असा ठेवला होता, आणि सहा वर्षांत घरातल्या प्रत्येकाने डब्यात हात घातला होता. त्यात सासूबाई सगळ्यांत तरबेज. त्या इंटरनेटवरून ओळी उतरवून आणायच्या आणि भरतकामाच्या नमुन्यासारख्या मोजून मोजून भरायच्या.

धाकटीने डबा उघडला. चारशे ओळी. तिने सगळ्यांत खाली आपला हुकूम लिहिला: वेळेची ओळ, महिरप, फोटोच्या खाली ये, महिरप बंद. सेव्ह.

मिशी आहे तिथेच.

तिने पान पुन्हा उघडलं. मग ब्राउझरने साठवून ठेवलेलं जुनं पान पुसून पुन्हा उघडलं. मग मोबाइलवर उघडलं. मग दुसऱ्या ब्राउझरमध्ये, जिथे तिची ओळखपाळख नव्हती, तिथे परक्या गिऱ्हाइकासारखी जाऊन पाहिलं. वेळ मिशीवरून हलायला तयार नव्हती.

"बंद करून चालू कर," अण्णा म्हणाले.

"काय बंद करू?"

"जे चालू असेल ते."

खांबामागून नवऱ्याने मान बाहेर काढली. "अगं, वायर हलवून बघ."

"कुठली?"

"कुठलीही. आपला टीव्ही तसाच लागतो."

सव्वाअकरा झाले. सासूबाई चहाचे कप गोळा करत मागून आल्या, पडद्याकडे नजर टाकली आणि म्हणाल्या, "एकदाच लिहिलंयस?"

"म्हणजे?"

"दोनदा लिही. त्याला एकदा सांगून ऐकू येत नाही. ह्यांच्यासारखा आहे."

"आई, ते मशीन आहे. एकदा सांगितलं काय आणि दहादा काय."

"दहादा नको. दोनदा. मग खाली सही करायची."

धाकटीला हसू आवरेना. पण घड्याळ पुढे सरकत होतं आणि सासूबाई हातात कप घेऊन तिथेच उभ्या होत्या. तिने तोच हुकूम, त्याच्याच खाली, अक्षर न बदलता पुन्हा लिहिला. सेव्ह केलं. पान उघडलं.

वेळ फोटोच्या खाली आली होती. भावोजींची मिशी सहा महिन्यांनी मोकळी झाली होती.

"बघ," सासूबाई म्हणाल्या आणि कप घेऊन आत गेल्या.

इथे धाकटी उठली असती, हात धुऊन टेबल मागायला गेली असती, तर ही गोष्ट इथेच आटोपली असती. पावणेबारा वाजले होते, साइट सरळ होती, अण्णांचा शब्द होता. पण ती पडली घड्याळजी. थोबाडीत मारल्यावर चालू होणारं घड्याळ गिऱ्हाइकाला आवडतं. घड्याळजीला त्याने रात्रीची झोप येत नाही. चाललं ठीक, पण का चाललं? तिला ते सोसवेना. तिने डब्याचं मागचं झाकण उघडलं, म्हणजे त्या चारशे ओळी पहिल्यापासून वाचायला घेतल्या.

वाचता वाचता तिला या घराची रीत आडवी आली.

रीत अशी: ज्याने कामाला हात लावला, त्याने तिथे सही करायची. घड्याळ उघडलं, दुरुस्त केलं, की बंद करण्याआधी झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने नाव आणि वार कोरायचा. उद्या ते घड्याळ परत आलं तर बोलणी कुणाला बसायला हवीत ते कळावं म्हणून. अण्णांनी ही शिस्त इतकी लावली होती, की घरातल्या गळक्या नळावर ‘थोरला, बुधवार’ कोरलेलं होतं, पडद्याच्या दुमडीत आतून ‘आई, शनिवार’ असा टाका होता, आणि धाकटीच्या नवऱ्याने लग्नात हार घालताना खिशात पेन शोधला होता असं म्हणतात. दुसरी रीत पहिलीच्या पोटातली: दुसऱ्याची सही कधी पुसायची नाही आणि दुसऱ्याचं काम त्याला विचारल्याशिवाय उलगडायचं नाही.

तेव्हा डब्यातही प्रत्येक हुकुमाखाली सही होती. ‘अण्णा, सोमवार’. ‘थोरला, मंगळवार’. ‘आई, गुरुवार’. धाकटीने त्या आधीही पाहिल्या होत्या आणि तिला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. आज तिने डब्याशेजारचं मदतीचं पान उघडलं. तिथे लिहिलं होतं: मध्येच स्वतःसाठी शेरा लिहायचा असेल तर तो तिरकी रेघ आणि चांदणी यांच्या आत ठेवा, नाहीतर संगणक त्याला पुढच्या हुकुमाचाच भाग समजेल.

तिने ते वाचलं, मग डब्याकडे पाहिलं, आणि तिला डोळ्यांसमोर चाकं फिरताना दिसली.

समजा भावोजींनी आपला हुकूम लिहून खाली सही केली, ‘थोरला, मंगळवार’. पुढे गुरुवारी सासूबाईंनी त्याखाली लिहिलं: फोन नंबर, निळा हो. संगणक काय वाचणार? ‘थोरला, मंगळवार फोन नंबर’. म्हणजे त्याला वाटणार, हा हुकूम आहे ‘थोरला’ नावाच्या वस्तूला, आणि ‘मंगळवार’च्या पोटात बसलेल्या फोन नंबरला. बिचारा दोघांना पानभर शोधणार. थोरला सापडत नाही. मंगळवार सापडत नाही. मग काही न बोलता पुढे जाणार. सासूबाईंनी चिडून तेच पुन्हा लिहिलं, की या दुसऱ्या हुकुमाच्या डोक्यावर सही नसते. तो लागू होतो! मग सासूबाई समाधानाने सही करणार, आणि ती सही पुढच्या माणसाच्या मुंडीवर बसणार.

सहा वर्षं या घरातला प्रत्येक जण सही करून पुढच्याचा पहिला हुकूम मारत आला होता आणि पुढचा तो दोनदा लिहून जिवंत करत आला होता. संगणकाला ऐकू येत नाही यावर घराचं एकमत होतं. एवढ्या एकाच गोष्टीवर होतं.

धाकटीला इतका आनंद झाला की तिने कुणालाही न बोलावता चिमटा उचलावा तसा माउस उचलला आणि साफसफाईला लागली. सगळ्या सह्या काढल्या. दोनदा लिहिलेलं एकदाच ठेवलं. चारशेच्या दीडशे ओळी झाल्या. सव्वाबाराला तिने सेव्ह दाबलं आणि पान उघडलं.

अण्णा उलटे झाले होते.

म्हणजे फोटोतले अण्णा. डोकं खाली, कॉलर वर. शेजारी थोरले भावोजी असायचे, तिथे कुणीच नव्हतं. त्यापलीकडे तिचा नवरा असा धूसर झाला होता, की साक्षीदार म्हणून लपवलाय असं वाटावं. अक्षरं एवढी मोठी झाली होती की पानावर मावत नव्हती. फोन नंबर लालभडक होऊन पडद्याबाहेर निघाला होता आणि त्याचे पहिले तीनच आकडे मागे राहिले होते. ‘चाळीस वर्षांचा अनुभव’ ही ओळ मात्र एवढी फिकट झाली होती की अनुभव असल्याची शंका यावी.

धाकटीने मागे जायचा रस्ता शोधला. नव्हता. डब्याला मागचं काही आठवत नव्हतं. सेव्ह म्हणजे सेव्ह.

मग तिला कळलं, की दोनदा लिहिलेले हुकूम सोडून डब्यात एकदाच लिहिलेलेही होते. सहा वर्षांत कुणाकुणाच्या सहीखाली मेलेले, कधीच लागू न झालेले हुकूम. तिने सह्या काढल्या आणि ते सगळे एकदम उठून कामाला लागले.

"आई," तिने हळूच हाक मारली. "तुम्ही कधी एकदाच लिहायचात का?"

सासूबाईंनी पान पाहिलं आणि पदराने तोंड दाबलं. "अगं, एकदा लिहिलेलं लागत नाही ना! राग आला की एकदाच लिहायचं, सही करायची, मोकळं व्हायचं. मला वाटलं मला एकटीलाच सुचलंय हे."

तेवढ्यात अण्णा आले. अण्णांनी मान तिरकी केली. आणखी तिरकी केली. मान जेवढी जाते तेवढी गेल्यावर त्यांनी स्वतःला ओळखलं.

"हे कुणी केलं?"

"तेच कळत नाहीये," धाकटी म्हणाली. "मी सह्या काढल्या."

अण्णा उलटे झाल्याने चिडले नव्हते तेवढे यावर चिडले. "सह्या? दुसऱ्याच्या सह्या पुसल्यास? या घरात आजवर कुणी माझ्या आजोबांची सही पुसली नाही, आणि त्यांचं तर एकही घड्याळ चाललं नाही!"

"अण्णा, सह्यांमुळेच ते—"

"ते मला सांगू नकोस. आता कुणाचं काय ते कसं कळणार? आणि विचारल्याशिवाय तू कुणाचं काम काढणार कशी?"

प्रश्न बरोबर होता. दीडशे ओळींतले कुठले हुकूम हवे होते, कुठले नको, तिला एकटीला काय माहीत? साडेबारा वाजले होते. "मग सगळे इकडे या," ती म्हणाली. "मी एकेक वाचते. ज्याचं असेल त्याने सांगायचं. सांगितलं की काढते."

नवरा खांबामागून आला. भावोजी उठले नाहीत, टेबल सोडलं की गेलं या भीतीने. तिथूनच म्हणाले, "वाच. मला ऐकू येतं."

"फोन नंबर, प्रचंड मोठा आणि लाल."

"माझं," अण्णा ताठ मानेने म्हणाले. "पहिल्या वर्षीचं. फोन कसा लांबून दिसला पाहिजे."

"अण्णांचा फोटो, उलटा."

फक्त साठ घड्याळं बोलत होती. नवरा स्वतःच्या नखांकडे बघायला लागला, आणि घरात सगळ्यांना ठाऊक होतं की त्याची नखं बघण्यासारखी नाहीत.

"तू?" अण्णा म्हणाले.

"त्या दिवशी तुम्ही गिऱ्हाइकासमोर म्हणालात, याच्या हातात चिमटा नको, हातोडा द्या."

"अरे, मग तोंडावर बोलायचं!"

"तोंडावर बोललो असतो तर तुम्ही मला उलटा केला असता."

"पुढचं," धाकटी घाईने म्हणाली. "थोरल्या भावोजींचा फोटो, दिसायला नको."

"माझं," सासूबाई म्हणाल्या. त्यांना मुळीच लाज वाटत नव्हती. "माझ्या माहेरचं गजराचं घड्याळ या थोरल्याने खोललं आणि त्याचे भाग तीन गिऱ्हाइकांत वाटले. ते तिघं आता माझ्या गजराला उठतात."

"आई, त्याला दहा वर्षं झाली!" भावोजी खिडकीजवळून म्हणाले.

"मला वेबसाइट उशिरा मिळाली."

"‘चाळीस वर्षांचा अनुभव’, फिक्कट."

"तेही माझं. चाळीस वर्षं दुकानातल्या साठ घड्याळांना रोज सकाळी चावी कोण देतं? आणि अनुभव कुणाचा? ह्यांचा!"

अण्णांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण पुढचा हुकूम आला. "वेळेखालची सूचना, ‘दुपारी एक ते दोन मालक झोपतात’, लपव."

"माझं," अण्णा पुटपुटले. "ती सूचना हिने टाकली होती. मी लपवायला सांगितलं तर झाली नाही. मला वाटलं, मशीनसुद्धा हिच्या बाजूचं आहे." भिंतीवर एक वाजून गेला होता आणि अण्णा चाळीस वर्षांत पहिल्यांदा या वेळी उभे होते. "तो हुकूम काढ. सूचना राहू दे."

"मग मी काय केलं होतं?" नवऱ्याने विचारलं. "मला धूसर कुणी केलं?"

"मी," भावोजी म्हणाले. "तुझा फोटो शिंक येण्याच्या आधीचा आहे. उपकार समज."

असं करत करत पावणेदोनपर्यंत त्यांनी डबा खालपासून वरपर्यंत उपसला. अण्णा सुलटे झाले, भावोजी परत आले, नवरा शिंकेच्या उंबरठ्यावर स्पष्ट दिसायला लागला. उरला एकच प्रकार. पण तो नऊ ठिकाणी होता.

"सगळी अक्षरं मोठी," धाकटीने वाचलं. "आधी अठराच्या मापाची. मग वीस. मग बावीस. असे नऊ हुकूम आहेत. शेवटचा चौतीसचा, अगदी खाली, माझ्या हुकुमाच्या वर. कुणाचे?"

कुणाचेच नव्हते.

"तुझे?" अण्णांनी बायकोला विचारलं.

"मला कशाला? सुईत दोरा अजून पहिल्या झटक्यात जातो माझा."

नवऱ्याने दोन्ही हात वर केले. धाकटीला आठवलं. "या नऊ ठिकाणी नाव नव्हतंच," ती म्हणाली. "खाली नुसता वार होता."

"निनावी?" अण्णांचा आवाज चिरकला. "या घरात निनावी काम?"

धाकटी ते आकडे बघत होती. अठरा, वीस, बावीस, चोवीस. दर वेळी एकेकच पायरी. हौसेने कुणी अक्षरं मोठी करतं तेव्हा एकदम करतं. हे कुणीतरी मागे मागे सरकत गेलेलं होतं. तिने मान वळवून खिडकीकडे पाहिलं. भरदुपारी, दुकानातल्या सगळ्यांत उजेडाच्या जागी, भावोजींच्या टेबलावर दिवा लागलेला होता. डोळ्याला एक भिंग होतं आणि हातात दुसरं. आणि समोरचं घड्याळ सकाळी साडेदहाला जसं उघडलेलं होतं तसंच होतं.

तिला बोलता आलं असतं. टेबल तिथेच हातात आलं असतं. ती पुन्हा पडद्याकडे वळली.

"ज्याचं असेल त्याने सांगितल्याशिवाय मी काढणार नाही," ती म्हणाली. "रीत आहे. दोन वाजता भिंतीवर असंच जाईल. अण्णांच्या कपाळावर ‘आमच्याविषयी’ बसलंय, ते तसंच राहील."

"अगं, दहा मिनिटं राहिली!"

"तुमचीच रीत आहे, अण्णा."

आठ मिनिटं राहिली. सात.

"माझं," खिडकीजवळून आवाज आला.

सगळे वळले.

"तुझं? आणि नाव का नाही घातलंस?"

"नाव घातलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, की तुला मोठी अक्षरं कशाला हवीत." भावोजींनी डोळ्याचं भिंग काढलं. त्यामागचा डोळा बारीक आणि लाल झाला होता. "म्हणून एकदाच लिहायचो. दोनदा लिहायचा धीर होत नव्हता. दिसत नाही, अण्णा."

"काय दिसत नाही?"

"बारीक."

"कधीपासून?"

"अठरापासून," भावोजी म्हणाले. "आता चौतीसला आलोय."

अण्णा जवळच्या स्टुलावर बसले. नवरा भावाजवळ जाऊन उभा राहिला.

"आणि माझं गजराचं घड्याळ?" सासूबाईंनी विचारलं.

"तेव्हा दिसत होतं, आई. ते मुद्दाम केलं."

"मेल्या," सासूबाई म्हणाल्या, आणि जाऊन त्यांनी भरदुपारचा तो दिवा बंद केला.

"काढू का, भावोजी?" धाकटीने विचारलं.

"काढ."

तिने नऊही हुकूम काढले. दोनला चार मिनिटं कमी होती. पान सरळ, शांत, तिघांचे तिघं आपापल्या जागी. मग तिने भावोजींना काउंटरजवळ बोलावलं. "या दोन कळा एकदम दाबा," ती म्हणाली. "ही, आणि अधिकची खूण." भावोजींनी दाबल्या. अक्षरं मोठी झाली. पुन्हा दाबल्या. आणखी मोठी झाली.

"अगं, आता सगळ्यांना मोठी दिसणार!"

"नाही. फक्त तुमच्यापुरती. बाकीच्यांना आहेत तेवढीच."

भावोजींनी त्या दोन कळा तिसऱ्यांदा दाबल्या. "वर्षभर," ते म्हणाले. "वर्षभर मी चोरासारखा सुट्टीच्या दिवशी येऊन..." आणि मग त्यांना हसू फुटलं. ते हसताना त्यांच्या मिशीकडे बघून धाकटीला वाटलं, फोटो आताच काढायला हवा होता.

अडीचला समितीच्या बाईंचा फोन आला. मनोऱ्याचं घड्याळ अण्णांच्या दुकानालाच मिळालं होतं. अण्णांनी छाती फुगवून विचारलं, आमचं नेमकं काय आवडलं? बाई प्रामाणिक होत्या. एकाची साइट उघडलीच नाही, म्हणाल्या, आणि दुसऱ्याच्या साइटवर तीन वर्षांपूर्वीची सुट्टी अजून संपलेली नाही. शिवाय दुपारी मालक झोपतात हे तुम्ही उघडपणे लिहिलंय, ते सगळ्यांना भावलं. समितीचे अर्धे सभासद तेव्हा झोपलेच होते.

त्यानंतर भावोजींनी खिडकीजवळचा खण रिकामा करायला घेतला. कुणी सांगितलं नव्हतं. चिमटे, तेलाच्या बाटल्या, सहा भिंगं, एक अर्धं सफरचंद. "ते घे, ते ठेव, हे स्क्रूड्रायव्हर माझे आहेत, पण वापर," असं बोलत ते एकेक वस्तू काउंटरवर नेत होते. "गिऱ्हाइकाशी मी बोलेन. तसंही तुझं आणि गिऱ्हाइकांचं जमत नाही. तू त्यांना खरं सांगतेस."

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे आधी," सासूबाई म्हणाल्या. "उद्या सकाळी. मी येते बरोबर. तू एकटा गेलास तर तपासून न घेताच परत येशील."

धाकटी खिडकीजवळच्या खुर्चीवर बसली. खुर्ची भावोजींच्या उंचीची होती. तिचे पाय जमिनीला लागेनात. नवऱ्याने खांबामागून एक लाकडी खोकं आणून पायाखाली सरकवलं. ते डगमगत होतं, म्हणून त्याने त्याच्याखाली कागदाची घडी घातली, मग दुसरी घातली, मग पहिली काढली. भावोजींचं सकाळपासून उघडं पडलेलं घड्याळ तिने पुढे ओढलं. भिंग लावलं. चिमटा उचलला. आत, चाकांच्या मधोमध, केसाएवढी स्प्रिंग वाकडी होऊन बसली होती.

मग अंधारलं.

तिने मान वर केली. अण्णा, सासूबाई, भावोजी आणि नवरा, चौघंही खिडकीपुढे ओळीने उभे राहून तिच्या हाताकडे बघत होते. कुणी श्वास घेत नव्हतं. अण्णा सगळ्यांत पुढे होते आणि खाली वाकले होते.

"अण्णा," ती म्हणाली, "उजेड सोडा."

अण्णांना आयुष्यात या दुकानात कुणी असं म्हटलं नव्हतं. त्यांनी थोरल्याकडे पाहिलं. थोरला आधीच बाजूला झाला होता.

"बरं," अण्णा म्हणाले, आणि दोन पावलं मागे सरकले.

"आणखी," धाकटी म्हणाली.